जिन्याखालचं कपाट : सोसायटीतल्या पुस्तकांच्या देवाणघेवाणीच्या नोंदी

कर्वेनगरातली आमची इमारत. दोन विंग, ३२ घरं, लिफ्ट फक्त बी विंगला (हा विषय इथे काढत नाही, नाहीतर नोंदी बाजूलाच राहतील). यंदा सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीतून ५,२०० रुपये उरले. त्यातून येण्याजाण्याच्या वाटेवर पुस्तकांचं एक कपाट करायचं ठरलं. कुणाला असं काही करायचं असेल, तर आमच्या चुका तरी फुकटात मिळाव्यात म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

काल विसर्जन झालं, आज मांडव सोडताना विषय निघाला. चेअरमनकाका लगेच म्हणाले, "अहो, पुण्यात वाचनालयांचा काय दुष्काळ आहे? नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासूनचं. तुम्ही जिन्याखाली काय नवीन करणार?" बरोबरच आहे. पण कर्वेनगरातून लक्ष्मी रोडला जाऊन, गाडी लावायला जागा शोधून, पुस्तक बदलून परत यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. शिवाय शेजारणीच्या घरात काय पडलंय ते तिथे कळत नाही.

बी-२ च्या आजींचं म्हणणं, आज ग्रहण, उद्यापासून पितृपक्ष, नवीन काम आता नको. मुहूर्त बघत बसलो असतो तर दसराच उजाडला असता. ए-७ वाले घर बदलताना प्लायवूडचं एक कपाट टाकून गेले होते: उंची ६ फूट, रुंदी ३८ इंच, खोली १२ इंच, पाच खण. ते गच्चीवरून खाली आणलं. तीन माणसं, पाऊण तास, आणि जिन्याच्या भिंतीवर एक लांबच लांब ओरखडा.

रविवार, १४ सप्टेंबर

व्हॉट्सॲप ग्रुपवर "वाचून झालेली पुस्तकं द्या" असं टाकलं होतं. इथेच पहिली मोठी चूक झाली. वाचून झालेली म्हणजे नकोशी, असा अर्थ सगळ्यांनी घेतला. एका आठवड्यात ३१२ पुस्तकं जमा झाली आणि माझा उत्साह आभाळाला टेकला. मग ती पार्किंगमध्ये सतरंजीवर पसरली.

९६ होती दहावी-बारावीची गाइडं, स्पर्धा परीक्षांचे जुने संच आणि आता कुणाच्याच संगणकावर नसलेल्या सॉफ्टवेअरची पुस्तकं. ३८ ना वाळवी, कसर किंवा बुरशी लागलेली. बुरशीची पुस्तकं चांगल्या पुस्तकांना चिकटून आठवडाभर एकाच पोत्यात होती, हे मला आत्ता कळलं. पुस्तकं पोत्यात घेऊ नका. हातात घ्या, समोर उघडून बघा, आणि नको असेल तर तिथेच गोड शब्दांत परत करा. मला ते गोड शब्द जमले नाहीत, म्हणून पोतं ठेवलं होतं.

आणखी १० पुस्तकं संध्याकाळी परत गेली. बी-९ च्या सूनबाईंनी माळा आवरताना सासऱ्यांचा एक गठ्ठाच देऊन टाकला होता. सासरे फिरून आले, सतरंजीवरची स्वतःची सही असलेली पुस्तकं बघितली आणि काही न बोलता एकेक उचलायला लागले. त्यांच्याकडे बघवेना. तेव्हापासून नियम असा, की ज्याचं पुस्तक त्यानेच आणून द्यायचं.

राहिली १६८. गाइडं रद्दीत घालून ४१० रुपये आले. ते कपाटाच्या हिशेबात धरलेले नाहीत, पुढे कोजागिरीच्या दुधाला उपयोगी पडले.

गुरुवार, १८ सप्टेंबर

कपाट ठेवलं होतं जिन्याखाली, भिंतीला टेकवून. भिंतीपलीकडे पाण्याची टाकी आहे हे ३२ घरांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. चार दिवसांत मागच्या प्लायवर तळहाताएवढा काळपट डाग उमटला, खालच्या खणातल्या पुस्तकांना ओला वास यायला लागला.

सगळी पुस्तकं बाहेर काढली. ऊन नव्हतं, म्हणून क्लबहाउसमध्ये (म्हणजे टेबल टेनिसचं मोडकं टेबल असलेल्या खोलीत) पंख्याखाली उभी करून ठेवली, पानं थोडी उघडी ठेवून. भिजकट पुस्तकं आडवी रचली की पानं एकमेकांना चिकटतात, हे एक पुस्तक फाडून शिकले.

कपाट आता समोरच्या बाजूला, पत्रपेट्यांच्या शेजारी. पायांखाली विटा, भिंतीपासून तीन बोटं अंतर, मागच्या प्लायला हवा खेळायला सहा भोकं. नोंदीचं नाव "जिन्याखालचं कपाट" पडलं ते पडलं, आता बदलत नाही. पण जागा बदलल्याचा एक फायदा नंतर कळला. जिन्याखाली कुणी मुद्दाम जात नाही. पत्रपेटीपाशी लाइटचं बिल घ्यायला प्रत्येक जण थांबतो.

रविवार, २१ सप्टेंबर

सुतार अर्धा दिवस, १,४०० रुपये. दोन फळ्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून कापून आणलेलं १२ मिमी प्लाय आणि पट्ट्या, १,१५०. बिजागऱ्या, कडी, स्क्रू बोहरी आळीतून, २४०. सुतार म्हणाला होता, "ताई, पुस्तकं आहेत, १८ चं घ्या." मी चारशे रुपये वाचवले. त्या चारशे रुपयांची गोष्ट २६ ऑक्टोबरच्या नोंदीत येईल.

कुलूप लावायचं की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. लावलं नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. प्रायमर आणि ऑइलपेंट मिळून ६८० रुपये गेले, आणि दमट हवेत रंग वाळायला तीन दिवस लागले. दाराला हात लावला की बोटांचे ठसे उमटायचे. रंग नवरात्रात देऊ नका, पाऊस पूर्ण उघडल्यावर द्या.

कसर लागू नये म्हणून प्रत्येक खणात डांबराच्या गोळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी ए-१ मधून तक्रार आली, की दार उघडलं की सगळा वास त्यांच्या हॉलमध्ये येतो. पुस्तक घरी नेलं तरी उशाशी ट्रंक ठेवल्यासारखं वाटायचं. गोळ्या काढल्या. आता वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला, सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून. पाला पूर्ण वाळवा. पहिल्या वेळी मी अर्धवट ओला बांधला होता.

फाटलेल्या पुस्तकांना सेलोटेप लावू नका. देणगीत आलेल्या पुस्तकांवर वीस वर्षांपूर्वीच्या टेपचे पिवळे पट्टे आहेत. चिकटपणा गेला, डाग राहिला. मी कणकेची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून त्यात जुने बाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद घातलं आणि पातळ कागदाच्या पट्टीने सांधलं. मोरचूद विषारी असतं. त्याचं भांडं वेगळं ठेवा आणि मुलांना त्या कामाला बसवू नका. खळ, मोरचूद, खाकी कागद, दोन रजिस्टरं, सगळं मिळून ३९०.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

गेले दोन शनिवार वाया गेले, त्याची ही कबुली. बी-१२ मधला तरुण आयटीत आहे. त्याने एक्सेलचा तक्ता केला, मग बारकोड काढले, मग फोनवर स्कॅन करून पुस्तक नेण्याची सोय करायला घेतली. दुसरीकडे मी कुठूनतरी दशांश वर्गीकरण (ग्रंथालयांत विषयांना शेकड्यांनी क्रमांक देतात ते) शोधून काढलं आणि १६८ पुस्तकांना क्रमांक देत बसले. पाककृतीचं पुस्तक कुठल्या शेकड्यात जातं यावर आमच्या दोघांचं वाजलं. एकूण १४ तास. शेवटी सुतारकाम बघायला आलेले चेअरमनकाका म्हणाले, "वरती मोठ्यांची, खालती लहानांची. झालं की." तेच केलं.

पत्रपेट्यांपाशी उजेड कमी होता. एलईडीची एक पट्टी आणि वायर तपकीर गल्लीतून आणली, ४२० रुपये.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

कपाटाला झेंडूचं तोरण. सोसायटीतल्या सर्वांत लहान मुलाकडून पाटीवर सरस्वती काढून घेतली. तिचे पाय नऊ झाले. फोटो निघाले, पेढे वाटले गेले, तीसेक माणसं जमली. पुस्तकं नेली गेली चार.

रविवार, ५ ऑक्टोबर

अजूनही चारच. त्यातलं एक मी नेलेलं.

लोकांना काय हवं ते विचारावं म्हणून मी आधीच कार्डं छापून ठेवली होती: १०० कार्डं, ५६० रुपये. प्रश्न तीन. आपले आवडते लेखक कोण? आपल्याला कोणत्या प्रकारची पुस्तके आवडतात? आपण रोज किती वेळ वाचता? २७ कार्डं भरून आली. त्यांतल्या १९ वर त्याच त्या तीन जाडजूड कादंबऱ्यांची नावं, ज्या प्रत्येक मराठी घरात शोकेसमध्ये काचेच्या बाहुलीशेजारी उभ्या असतात. रोज वाचन "किमान एक तास". हे खरं असतं तर आमच्या इमारतीत संध्याकाळी सात ते दहा मालिकांचा आवाजच आला नसता.

दोष उत्तरं देणाऱ्यांचा नव्हता. प्रश्नच परीक्षेतल्यासारखे होते, म्हणून उत्तरंही परीक्षेतल्यासारखी आली. ५६० रुपये पाण्यात. कार्डांच्या कोऱ्या बाजूचा उपयोग आता वाण्याच्या याद्यांना होतो आहे.

सोमवार, ६ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर दूध. चंद्र ढगातून येऊन-जाऊन. ए-४ च्या आजींनी दिलेलं एक पुस्तक दुरुस्त करताना मला शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या तीन तारखा दिसल्या होत्या: १९-१०-८१, २-११-९३, २५-१०-०६. पुस्तक दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ सालचं, मराठी महिन्यांप्रमाणे निसर्ग लिहिलेलं. आजींना विचारलं, तिन्ही वेळा याच दिवसांत कसं?

"पाऊस उघडला की सगळ्यांना घर आवरायचं असतं," आजी म्हणाल्या. "मला नसतं. मी आश्विन काढून बसते. पहिली तारीख आहे ना, तेव्हा मोठी पोटात होती आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. दुसऱ्या वेळी ह्यांची बदली झाली होती, सामान बांधायचं होतं, ते सोडून वाचत बसले. तिसरी विसरले."

एवढं बोलल्यावर गच्चीवरची माणसं आपणहून सुरू झाली. मी फोनच्या उजेडात भराभर टिपून घेतलं. कार्डांनी तीन आठवड्यांत दिलं नाही ते अर्ध्या तासात मिळालं:

बी-५ हिंजवडीला जातो, कंपनीच्या बसमध्ये वाचतो, पण चांदणी चौक ओलांडेपर्यंत डोळे मिटतात. म्हणून तीच ती सात पानं आठवडाभर चालू आहेत.

ए-२ च्या वहिनी गोष्टी शिट्ट्यांवर मोजतात. तीन शिट्ट्यांत बसते ती कथा. बसली नाही तर वरण लागतं.

बी-११ चे काका शेवटचं प्रकरण आधी वाचतात आणि मग ठरवतात की एवढा खटाटोप करून तिथे पोचायचं का. यावर गच्चीत दोन तट पडले.

ए-६ ची सातवीतली मुलगी फक्त संडासात वाचते. हे तिच्या आईने सांगितलं आणि मुलगी रागावून खाली निघून गेली.

ए-१० च्या काकांनी दरवर्षी ऑक्टोबरात विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' वाचायचा नेम ठेवलाय. १९३९ सालचं, बोटीवरचं. का ऑक्टोबरात? "पातळ आहे. एका रात्रीत संपतं. आणि या दिवसांत रात्री उकडतं, झोप लागत नाही."

वॉचमनकाका लातूरकडचे. दुधाचा कप घ्यायला वर आले होते, ते दारातच थांबून ऐकत होते. म्हणाले, "ताई, मला जाड काहीतरी द्या. पातळ पुस्तक दोन वाजेपर्यंत संपतं, मग पहाटेपर्यंत नुसतं बसायचं."

आमच्या इमारतीतला सगळ्यांत जास्त वाचणारा माणूस तोच निघाला आणि आम्ही त्याला कार्डच दिलं नव्हतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

रजिस्टरातल्या कागदाच्या उभ्या पट्ट्या कापून प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून खळीने चिकटवल्या. पट्टीवर चारच रकाने: तारीख, घर, कुठे बसून वाचलं, कितव्या पानावर सोडलं (किंवा एक ओळ). "अभिप्राय" हा शब्द मुद्दाम ठेवला नाही. तो दिसला की लोक "अतिशय उद्बोधक" लिहितात.

सोडलेलं पान विचारायची कल्पना आयटीवाल्याची. त्याचं म्हणणं, पूर्ण वाचलं नाही याची लाज वाटते म्हणून लोक पुस्तक परतच आणत नाहीत. मला पटलं नव्हतं. त्याचंच बरोबर होतं.

१६८ पट्ट्या, दोन संध्याकाळी, चार बायका, एक आयटीवाला. पंधरा पट्ट्या उलट्या लागल्या.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दिवाळी अंकांची खरेदी. २३ घरांनी प्रत्येकी २०० रुपये दिले, जमले ४,६००. बाकीच्या नऊ घरांचं म्हणणं "आम्ही नंतर बघू", म्हणजे शेजाऱ्याचा वाचू.

गाडी नेली नाही, हे आयुष्यातल्या मोजक्या शहाणपणांपैकी एक. नळ स्टॉपहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून कसबा पेठ, तिथून चालत अप्पा बळवंत चौक. लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. १४ अंक घेतले, सवलत जाऊन ४,३१०. उरलेल्या २९० ची प्लॅस्टिकची कव्हरं. जाताना मी माझ्या आवडीची यादी नेली होती, आणि ए-४ च्या आजींनी हातात दुसरी दिली होती. त्यांच्या यादीत रहस्यकथांचे दोन अंक पहिल्या क्रमांकावर होते. मला वाटलं होतं आजींना वैचारिक लागत असेल. "वैचारिक दिवसा. दिवाळीत खून पाहिजे," असं उत्तर मिळालं.

मुलांसाठी 'किशोर' घेतला. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक त्यांनी इंटरनेटवर मोफत ठेवलेत. हे ग्रुपवर टाकल्यावर सर्वांत जास्त प्रतिसाद मुलांचा नाही, पन्नाशीच्या बाप्यांचा आला. रात्री साडेअकरापर्यंत "हा अंक माझ्याकडे होता" चालू होतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

अब्दुल कलामांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. सेक्रेटरींना काहीतरी कार्यक्रम हवा होता. संध्याकाळी सहा ते सात पार्किंगमध्ये सामुदायिक वाचन ठेवलं. उकाडा, डास, आणि बरोबर सव्वासहाला टँकर आला. सात माणसं होती, त्यांतली दोन टँकरचा पाइप धरायला गेली. पुन्हा करणार नाही. एकत्र बसून गप्प वाचायची कल्पना ऐकायला छान वाटते, पण आमची माणसं एकत्र आली की बोलतात. त्यापेक्षा गच्ची आणि दूध बरं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

अंक कपाटात आले. २३ घरं, १४ अंक, एका घराला एक अंक चार दिवस. मी कोणाकडून कोणाकडे याचा सुबक तक्ता केला, रंगीत पेनांनी.

१९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला दिवाळी अंक तो. तेव्हापासून आजवर अंक वेळेवर परत येतो असा अनुभव एखाद्याला तरी आला असेल का, अशी शंका मला तक्ता करतानाच यायला हवी होती.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. तक्ता कोसळला. तीन घरं मुलांच्या सुट्टीसाठी गावाला गेली आणि जाताना पाच अंक घेऊन गेली. एक अंक कोकणात आहे, एक सोलापुरात. 'आवाज' परत आला, पण त्याची खिडकी-चित्रं इतक्यांदा उघडमीट झाली आहेत की एका खिडकीचं दार निखळलंय. कुणी केलं ते कळलं नाही, सगळेच हसत होते.

तक्ता काढून टाकला. जागी पाटी लागली, मजकूर बी-२ आजींचा:

"अंक गावाला जात नाहीत. अंकांना गाव नाही. चार दिवसांनी अंक स्वतः खाली न आल्यास आम्ही वर येऊ, आणि चहा घेऊनच जाऊ."

पाटीनंतर दोन दिवसांत सहा अंक खाली आले.

आता ते चारशे रुपये. दुसरी फळी मधोमध जवळजवळ बोटभर वाकली आहे. वजनकाट्यावर एका फळीवरची पुस्तकं घातली, २३ किलो भरली. ३८ इंच लांब आणि मध्ये आधार नाही, अशा फळीला १२ मिमी प्लाय पुरत नाही. सुताराला पुन्हा बोलावलं असतं तर पुन्हा मजुरी गेली असती. त्यामुळे मीच उरलेल्या पट्ट्यांतून पुढच्या कडेला खालून उभी पट्टी ठोकली आणि मधे लाकडी ठोकळा उभा केला. पहिला ठोकळा आखूड कापला. दुसरा बसला, पण खणाचे दोन भाग झाले आणि उंच पुस्तकं आता आडवी. नवीन करणाऱ्यांनी १८ मिमी घ्यावं, किंवा फळी अडीच फुटांच्या आत ठेवावी.

रविवार, २ नोव्हेंबर

पट्ट्या वाचायला बसले. काही नोंदी जशाच्या तशा:

"बी-११. पान १२५. नायक फार रडतो."

"ए-२. ओटा. चार शिट्ट्या. डाळ शिजली, गोष्ट कच्ची राहिली."

"वॉचमन केबिन. रात्री १ ते ४. पूर्ण. याचा दुसरा भाग आहे का?"

"बी-७. बाबांच्या उशाशी, हॉस्पिटलात. मोठ्याने वाचलं. ते झोपले होते, पण मी थांबले नाही."

"ए-६. कुठे ते सांगणार नाही. पूर्ण."

एका जुन्या कादंबरीवर बी-११ च्या काकांनी लिहिलं होतं: "घेऊ नका. दोनशे पानं पाऊस पडतोय." दसऱ्यापासून ते पुस्तक जागचं हललं नव्हतं. या शेऱ्यानंतर तीन आठवड्यांत पाच घरांत फिरलं, आणि खाली पाच वेगवेगळी मतं लिहून आली. एकाने तर पावसाची पानं मोजली: "दोनशे नाही, एकशे ऐंशी. बी-११ ने खात्री करून लिहावे."

मग सगळी पुस्तकं चाळून मोजलं. पट्टीवर किमान एक ओळ असलेली पुस्तकं ५१. ८ ऑक्टोबरनंतर झालेल्या ८७ देवघेवींपैकी ७० या ५१ पुस्तकांच्या. पट्टी कोरी असलेली ११७ पुस्तकं, त्यांच्या वाट्याला १७. म्हणून आता घरटी तीन-चार कोरी पुस्तकं वाटून दिली आहेत. वाचा किंवा सोडून द्या, पण पट्टीवर काहीतरी लिहूनच खाली आणा. नुसतं "सुरुवातच जमली नाही, पान ३" चालतं. ते पुढच्या माणसाला पुरतं.

आवडत्या पुस्तकांच्या यादीचाही आग्रह होता, तीसुद्धा पट्ट्यांमधूनच काढली. प्रश्न: पाऊस उघडल्यावर आणि थंडी पडायच्या आत काय वाचता? आजींचं 'ऋतुचक्र' आणि काकांचं 'रणांगण' आलंच. शिवाय 'बनगरवाडी' तीन घरांतून, तिघांनीही "दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा वाचलं" असंच लिहिलेलं. शांता शेळक्यांनी मराठीत आणलेलं 'चौघीजणी' आईकडून मुलीकडे गेलेलं दोन घरांत. आणि आयटीवाल्याने लिहिलं, "काही नाही. या दिवसांत मी ट्रेक करतो. पुस्तक सॅकमध्ये नेतो आणि तसंच परत आणतो." हेही यादीत ठेवलं आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

हिशेब चेअरमनकाकांना दिला. सुतार १,४००, प्लाय व पट्ट्या १,१५०, बिजागऱ्या वगैरे २४०, रंग ६८०, दिवा ४२०, खळ-कागद-रजिस्टर ३९०, वाया गेलेली कार्डं ५६०. एकूण ४,८४०. शिल्लक ३६०. १८ मिमी प्लाय घेऊन कार्डं छापली नसती तरी शिल्लकच पडली असती, हे त्यांनी मला दोनदा दाखवून दिलं. १८४८ चा विषय मात्र काढला नाही. त्यांच्या काखेत आजींनी मागवलेला खुनाचा अंक होता, मुदत उलटून सहा दिवस झालेला.

रविवार, २३ नोव्हेंबर

थंडी सुरू झाली. वॉचमनकाकांसाठी जाड पुस्तकं संपली आहेत, कुणाकडे असतील तर स्वतः आणून द्या, सुनेकडून पाठवू नका. वेखंडाच्या पुरचुंड्या बदलल्या. खालच्या खणात एक चंदेरी कसर दिसली, तिथली पाच पुस्तकं उन्हात ठेवली आहेत.

बेपत्ता अंक एक. बी-७ म्हणतात ए-३ कडे दिला. ए-३ म्हणतात आमच्याकडून बी-७ कडेच गेला. दोन्ही घरी चहा झाला.